नैसर्गिक गोडवा : साखरेकडून सात्त्विक आहाराकडे

साधना काही महिने नियमित चालू राहिली की एक बदल आपोआप घडू लागतो. सकाळी ध्यानाला बसल्यावर शरीर आदल्या रात्रीच्या जेवणाची हकिगत सांगू लागते. ताजे, साधे अन्न खाल्ले असेल तर पाठ सरळ राहते, श्वास मोकळा चालतो. तळलेले, मैद्याचे, पाकिटातले खाल्ले असेल तर डोळे मिटताच पेंग येते, नाहीतर मन उड्या मारत राहते. हे कोणी शिकवावे लागत नाही. आणि मग एक दिवस तुम्हीच ठरवता की आता आहार बदलायचा.

हा निर्णय झाला की बहुतेक घरांतून सर्वांत आधी निरोप मिळतो तो पांढऱ्या साखरेला. त्यापाठोपाठ प्रश्न येतात. साखरेऐवजी गूळ चालेल ना? चहात मध घालू का? खजुराचे लाडू कितीही खाल्ले तर चालतात का? स्टीव्हियाची पूड नैसर्गिकच ना?

हे प्रश्न योग्य आहेत आणि त्यांची उत्तरे आपण पाहणारच आहोत. पण त्यांच्या तळाशी आणखी एक प्रश्न आहे, तोही स्वतःला विचारायला हवा. डब्यातला पदार्थ बदलला, पण जिभेची मागणी बदलली का?

गोड हा शत्रू नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करू. काही साधकांना वाटते की अध्यात्माच्या मार्गावर आलो म्हणजे गोड पूर्ण सोडले पाहिजे. आपल्या परंपरेने असे कुठेही म्हटलेले नाही. आयुर्वेदाने जे सहा रस सांगितले, त्यांत मधुर रस पहिला येतो. पृथ्वी आणि जल या दोन तत्त्वांपासून तो होतो, म्हणून तो शरीराला आधार देतो, पोसतो, शांत करतो. जन्मलेल्या बाळाला मिळणारी पहिली चव आईच्या दुधाची असते, आणि ती गोडच असते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. तिथे सात्त्विक अन्न रसाळ, स्निग्ध आणि मनाला प्रिय वाटणारे असते असे वर्णन आहे. सात्त्विक म्हणजे बेचव, ही समजूत गीतेला धरून नाही.

आयुर्वेदाच्या दृष्टीने तांदूळ, गहू, दूध, तूप, केळे, रताळे हे सगळेच मधुर रसाचे पदार्थ आहेत. वरून काही न घालता ते मधुर आहेत. म्हणजे ज्याने दुपारी साधा वरण-भात-तूप खाल्ले, त्याने मधुर रस भरपूर घेतलेला आहे. तरीही जेवण झाल्यावर 'काहीतरी गोड हवे' असे वाटते, तेव्हा ती मागणी पोटाची आहे की दुसऱ्या कोणाची, हे पाहण्यासारखे आहे.

उसापासून साखरेपर्यंत

ऊस दातांनी सोलून खाल्ला आहे ना? एक कांडे चावून, रस घेऊन, चोथा टाकेपर्यंत बराच वेळ जातो. जबडा दुखू लागतो आणि दुसऱ्या कांड्यानंतर आपण थांबतो. इथे निसर्गाने गोडीबरोबर श्रम आणि चोथा दिला आहे. त्यामुळे किती खायचे याचा हिशेब ठेवावा लागत नाही. शरीरच 'पुरे' म्हणते.

आता तोच ऊस चरकात घातला. चोथा गेला, चावणे गेले. चार-पाच कांड्यांचा रस एका ग्लासात आला आणि दोन मिनिटांत पोटात गेला.

पुढची पायरी गुऱ्हाळाची. रस मोठ्या काहिलीत उकळतो. वर येणारा मळ झाऱ्याने काढतात, रानभेंडीचे चिकट पाणी घालून रस निवळतात, आणि पाक तयार झाला की नाही हे गुळव्या अनुभवाने ओळखतो. पाणी उडून जाते आणि गूळ उरतो. त्याच्या थोडे आधी काढलेला पातळ पाक म्हणजे काकवी. या टप्प्यावर चोथा नसला तरी उसातली काही खनिजे, रंग आणि वास शिल्लक असतात.

त्यानंतरची पायरी कारखान्याची. आपल्या देशातल्या बहुतेक साखर कारखान्यांत रस स्वच्छ आणि पांढरा व्हावा म्हणून चुना आणि गंधकाची वाफ वापरतात. मग स्फटिक वेगळे काढले जातात आणि मळी बाजूला होते. साधारण दहा किलो उसातून एक किलो साखर मिळते. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो साखर संपत असेल, तर ते घर महिन्याला चाळीस किलो उसाची गोडी खाते. इतका ऊस चावून खायला सांगितला असता तर आपल्यापैकी कोणी खाल्ला असता का?

अन्नावर जितक्या प्रक्रिया होतात, तितके 'पुरे' म्हणणारे घटक त्यातून निघून जातात. प्रक्रिया न केलेल्या आहाराकडे वळण्याचे खरे कारण हे आहे. संयम अन्नातच होता. आपण तो काढून टाकला, आणि मग तो मनाकडून मागू लागलो.

देहाची हाक

हा विषय केवळ वैयक्तिक आवडीचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तुमच्या नात्यात, शेजारात, सत्संगात अशी माणसे आहेत. कदाचित तुम्ही स्वतः त्यांपैकी असाल.

मधुमेह फक्त साखर खाल्ल्याने होतो असे नाही. आनुवंशिकता, वजन, बैठे काम, झोप, ताण अशी अनेक कारणे असतात. पण वरून घातलेली गोडी कमी करणे हे आपल्या हातातले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये याविषयी मार्गदर्शन केले. दिवसभरात शरीराला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी भाग अशा साखरेतून यावा, आणि तो पाच टक्क्यांपर्यंत खाली आणता आला तर अधिक चांगले, असे ती संघटना सांगते. साधारण प्रौढ माणसासाठी पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, म्हणजे दिवसाला सहा चमचे. दिवसात चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल, तर एकही मिठाई न खाता ही मर्यादा ओलांडली जाते.

आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या मोजणीत केवळ पांढरी साखर येत नाही. स्वयंपाक करणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने वरून घातलेली प्रत्येक साखर, मध, सरबताचा पाक आणि फळांचा काढलेला रस, हे सर्व त्यात धरले आहे. अख्ख्या फळातली गोडी मात्र त्यात धरलेली नाही.

गूळ, मध, खजूर, स्टीव्हिया : काय घ्यावे, कसे घ्यावे

गूळ. साखरेपेक्षा गुळात खनिजे अधिक असतात हे खरे. पण गुळाचा फार मोठा भाग साखरच असतो आणि रक्तातील साखर वाढवण्यात तो तिच्यापेक्षा फारसा मागे नाही. म्हणून 'गूळ आहे, चालतो' असे म्हणून दुप्पट घेऊ नका. निवडताना पिवळाधमक, चकचकीत गूळ टाळा, कारण रंग उजळण्यासाठी त्यात अनेकदा रसायने वापरलेली असतात. गडद तपकिरी, रसायनविरहित गूळ शोधा. आयुर्वेदाने जुना गूळ नव्या गुळापेक्षा पचायला हलका मानला आहे. चहात गूळ घालायचा असेल तर चहा उतरवल्यावर घाला. दुधाबरोबर उकळला तर दूध फाटण्याचा संभव असतो.

तुम्ही देशाच्या ज्या भागात राहता, तिथला गूळ वापरा. कोल्हापूरचा उसाचा गूळ प्रसिद्ध आहेच. बंगालमध्ये हिवाळ्यात खजुरीच्या झाडाच्या रसापासून नोलेन गूळ होतो. तामिळनाडूत ताडाच्या रसाचा करुपट्टी गूळ मिळतो, गोव्यात माडाचा. हैदराबाद, बेंगळुरू, कोलकाता कुठेही असा, आपल्या मातीतला आणि हंगामातला गोडवा दूरच्या महागड्या डब्यापेक्षा चांगला.

मध. चरकसंहितेत मध तापवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणून उकळत्या चहात किंवा कढत पाण्यात मध घालू नका, कोमट झाल्यावर घाला. एक वर्षाच्या आतील बाळाला मध कधीही चाटवू नका. त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. घरात बारशाला किंवा पाचवीला मध चाटवण्याची पद्धत असेल तर मोठ्यांना हे प्रेमाने समजावून सांगा.

मध घेताना अहिंसेचाही विचार करा. पोळे जाळून आणि पिळून काढलेल्या मधात अळ्या व माश्या मरतात. पेट्यांतून यंत्राने फिरवून काढलेल्या मधात पोळे शाबूत राहते. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. डोंगरातील कुटुंबे मधमाश्या सांभाळून जगू शकतात हे तिथे दिसते. एक कामकरी माशी तिच्या संपूर्ण आयुष्यात चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध गोळा करते, असे सांगतात. हे ठाऊक असलेला माणूस मधाची बाटली उलटी करून ओतत नाही.

खजूर, मनुका, अंजीर, केळे. यांत गोडीबरोबर चोथा असतो, चावावे लागते, पोट भरल्याचे समजते. वरून घातलेल्या गोडीपेक्षा हा मार्ग चांगला. तरीही सुक्या फळातले पाणी गेलेले असते, त्यामुळे थोड्याशा घासात पुष्कळ साखर असते. दोन-तीन खजूर पुरेत. खजूर वाटून त्याचे लाडू केले की चावणेही कमी होते आणि हात डब्याकडे वारंवार जातो.

स्टीव्हिया. या झाडाची पाने खरोखर गोड असतात. कुंडीत लावून दोन पाने चहात टाकायला हरकत नाही. पण बाजारातली पांढरी पूड ही पानातून वेगळा काढलेला अर्क असते, आणि अनेकदा त्यात इतर पदार्थही मिसळलेले असतात. प्रक्रिया न केलेला आहार हे ध्येय असेल, तर ती पूड त्या ध्येयात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा साखरविरहित गोडी देणाऱ्या पदार्थांवर अवलंबून राहू नये, असा सल्ला दिला. त्यात स्टीव्हियाच्या अर्काचाही समावेश आहे. मधुमेह असलेल्यांसाठी तो सल्ला नव्हता, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पण बाकीच्यांनी एवढे समजून घ्यावे की जीभ मात्र तितकेच गोड मागत राहते.

अवधूताने कोणाला गुरू केले

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात एका अवधूताची कथा येते. यदुराजाने त्याला विचारले, तुझ्याजवळ काहीच नाही, तरी तू इतका आनंदात कसा? अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगितली. त्यांत पृथ्वी आहे, वायू आहे, समुद्र आहे, आणि आपल्या आजच्या विषयाशी थेट नाते असलेले दोन जीव आहेत. संत एकनाथांनी याच अकराव्या स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत ती पूर्ण केली. म्हणजे काशीपासून पैठणपर्यंत आपल्या माणसांनी ही कथा साडेचारशे वर्षे मराठीतून ऐकली आहे.

पहिला जीव मधमाशी. तिच्याकडून अवधूत दोन गोष्टी शिकला. ती लहान-मोठ्या अनेक फुलांतून थोडे थोडे घेते, फुलाला दुखवत नाही. साधकानेही तसेच थोडे घ्यावे. पण तीच माशी साठा करते, आणि साठ्यापायी पोळ्यासकट नष्ट होते. म्हणून उद्यासाठी साठवण्याचा मोह धरू नये. तुमच्या फ्रीजमध्ये आणि फडताळात किती गोड साठलेले आहे, ते एकदा उघडून पाहा. जे घरात आहे ते खाल्ले जाते. जे आणलेच नाही, त्याच्याशी झगडावे लागत नाही.

दुसरा जीव मासा. गळाला लावलेल्या आमिषाची चव त्याला ओढते आणि त्या एका चवीसाठी तो जीव गमावतो. इथे अवधूत फार सूक्ष्म गोष्ट सांगतो. माणूस उपवास करतो तेव्हा बाकीची इंद्रिये शांत होत जातात, पण जिभेची ओढ उलट वाढते. जोवर रसना जिंकलेली नाही, तोवर इतर इंद्रिये जिंकली असे म्हणता येत नाही.

हा तुमचाही अनुभव असेल. एकादशीचा उपवास असतो आणि दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार असतात. साबुदाणा, तळलेले वेफर्स, साखर घातलेला शिंगाड्याचा शिरा हे एरवी जेवतो त्याहून जास्त होते. साखर सोडणाऱ्याचेही तसेच होते. पहिले पंधरा दिवस निग्रहाने काढतो, मग एका लग्नात सगळे वसूल करतो. किंवा साखरेला शिवतही नाही, पण गुळाची चिक्की, मधाचे बिस्कीट आणि खजुराची बर्फी दिवसातून चार वेळा खातो, आणि मनात समाधान असते की मी साखर सोडली. गळ तोच राहतो, आमिषाचा रंग बदलतो.

मग उपाय काय? जिभेशी युद्ध केले तर ती जास्त हट्ट करते. तिला दाबू नका, तिला जागे करा.

घासात दडलेली गोडी

आजच एक प्रयोग करा. ज्वारीची भाकरी, नाचणीची भाकरी किंवा गव्हाची पोळी, जी तुमच्या घरी होते ती घ्या. लहानसा तुकडा तोडा. भाजी नको, चटणी नको, मीठही नको. डोळे मिटा आणि तो तुकडा शांतपणे चावा. पंधरा वेळा, वीस वेळा, तीस वेळा. गिळायची घाई करू नका.

सुरुवातीला काहीच लागणार नाही, फक्त पीठ. मग हळूहळू एक हलकी गोडी उमटू लागेल. ही कल्पना नव्हे. लाळेतील पाचक रस धान्यातल्या पिष्टाचे गोड घटकांत रूपांतर करू लागतो. ही व्यवस्था जन्मापासून तुमच्या मुखात आहे. घाईने गिळताना तिला काम करायला वेळच मिळत नाही, म्हणून गोडी वरून घालावी लागते.

हा प्रयोग रोज पहिल्या तीन घासांपुरता केला तरी काही आठवड्यांत फरक जाणवेल. चव ओळखणाऱ्या पेशी सतत नव्या होत असतात, आणि वरून घातलेली गोडी कमी होत गेली की जीभ थोडक्या गोडीलाही ओळखू लागते. तेव्हा गाजर गोड लागते, कांदा परतला की गोड लागतो, दूध साखरेशिवाय गोड लागते. पूर्वी आवडणारी मिठाई घशात बसते. तुम्ही काही सोडलेले नसते. जीभ पुन्हा संवेदनशील झालेली असते.

ध्यानातही नेमके हेच घडते. बाहेरचा गोंगाट कमी झाल्याशिवाय आतला सूक्ष्म आनंद जाणवत नाही. तो आनंद नव्याने आणावा लागत नाही, तो तिथे होताच.

चाळीस दिवसांचा संकल्प

अनेकांना एका दिवसात सगळे बदलावेसे वाटते. उत्साहाने घेतलेला असा निर्णय फार दिवस टिकत नाही. म्हणून दहा-दहा दिवसांच्या चार पायऱ्या घ्या.

दिवस १ ते १० : पाहणे. काहीही सोडू नका. फक्त तुमच्या वाट्याची साखर किंवा गूळ एका वेगळ्या डब्यात मोजून काढा आणि त्यातूनच वापरा. दहा दिवसांनी डबा किती रिकामा झाला ते पाहा. गोड हवेसे वाटले तेव्हा नेमके काय वाटत होते, भूक, कंटाळा, थकवा, की एकटेपणा, हे एका ओळीत लिहून ठेवा. हाही स्वाध्यायच आहे.

दिवस ११ ते २० : पाकीट बंद. शीतपेये, डबाबंद रस, बिस्किटे, केक, गोड चवीचे न्याहारीचे पदार्थ थांबवा. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. ज्याचे वजन सर्वांत जास्त, त्याचे नाव आधी लिहिलेले असते. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप ही नावे दिसली तर समजा की साखरेचीच नातेवाईक मंडळी आली आहेत. भूक लागली तर फुटाणे-शेंगदाणे, ओले खोबरे, ताक, उकडलेले रताळे, हंगामी फळ घ्या.

दिवस २१ ते ३० : बदल. आता साखरेच्या जागी गूळ, मध, खजूर किंवा मनुका आणा. मात्र नियम एकच, साखर जितकी घेत होता त्याच्या निम्म्याहून जास्त नको. चहातली गोडी दर तीन दिवसांनी पाव चमच्याने कमी करा. लाप्शीत किंवा नाचणीच्या खिरीत गुळाऐवजी पिकलेले केळे कुस्करून घाला. वेलची, जायफळ, बडीशेप, दालचिनी यांच्या सुगंधाने गोडी अधिक जाणवते आणि गूळ कमी लागतो.

दिवस ३१ ते ४० : काठी हलकी करणे. पाय दुखावलेला माणूस काठी घेऊन चालतो आणि पायात बळ आले की ती कोपऱ्यात ठेवतो. गूळ आणि मध ही अशी काठी आहे. या दहा दिवसांत वरून घातलेले गोड दिवसातून एकदाच घ्या, तेही जेवणाबरोबर. आठवड्यातला एक दिवस फक्त फळ आणि धान्याच्या अंगच्या गोडीवर राहा.

पहिल्या काही दिवसांत कोणाला डोके जड वाटेल, कोणाची चिडचिड होईल. पाणी प्या, थोडे चाला, दहा मिनिटे अनुलोम-विलोम करा. ओढ लाटेसारखी येते, वाढते आणि ओसरते. तिच्याकडे पाहत बसलात तर ती किती थोडा वेळ टिकते याचे तुम्हालाच आश्चर्य वाटेल. एखादा दिवस नियम मोडला तर स्वतःला दोष देत बसू नका. दुसऱ्या दिवशी जिथे होतात तिथून पुढे चला.

मधुमेहावर औषध किंवा इन्सुलिन घेत असाल तर हे बदल डॉक्टरांना विचारूनच करा. खाणे बदलले की औषधाची मात्राही बदलावी लागू शकते. आणि रक्तातील साखर अचानक खाली गेली, घाम सुटला, हात थरथरू लागले, तर त्या क्षणी साखर किंवा ग्लुकोज हेच औषध आहे. तेव्हा संकल्पाचा विचार करू नये. संकल्प देहाच्या रक्षणासाठी आहे.

नैवेद्य आणि आग्रह

'पण सणावाराचे काय? देवाला साखरेचा शिरा लागतो ना?' हा प्रश्न नेहमी येतो.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताकडे काय मागितले ते आठवा. पान, फूल, फळ आणि पाणी. यांतली एकही वस्तू कारखान्यातून येत नाही. सोबत मागितला आहे तो भाव. गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य आपल्याकडे पूर्वापार आहे. तामिळनाडूत पळणी येथे मुरुगनच्या मंदिरातला पंचामृताचा प्रसाद केळी, गूळ, मध, तूप आणि वेलची यांपासून होतो आणि देशभरातले भाविक तो घरी नेतात. गुढीपाडव्याला कडुनिंबाच्या कोवळ्या पानांबरोबर चिमूटभर गूळ देतात, संक्रांतीला तिळाबरोबर गूळ देतात. जुन्या माणसांनी सणाला गोड दिले, पण सणाला दिले. रोजचा दिवस सण झाला की सणाची गोडी जाते.

प्रसाद हा कणभर घ्यायचा असतो. तो दोन्ही हातांनी, मस्तक लवून घेतला की कणभरही पुरतो. म्हणून प्रसाद नाकारू नका, आणि त्याची वाटी भरूनही घेऊ नका.

आता थोडे आग्रहाविषयी. आपल्याकडे प्रेम जेवणातून व्यक्त होते. आई मुलाच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढते तेव्हा ती माया असते. पण ज्या घरात वडिलांना मधुमेह आहे, त्यांना 'हा गुळाचा आहे, हा चालतो' म्हणून लाडू देणे ही मायाच असली तरी तिने त्यांचे नुकसान होते. आणि त्यांच्यासमोर सगळ्यांनी गुलाबजाम खाऊन त्यांना एकट्याला पथ्य पाळायला लावणे, हेही प्रेमाचे नव्हे. संपूर्ण घराने एकत्र साधे खायला सुरुवात केली तर त्यांचे पथ्य हे पथ्य राहत नाही, ते घराचे जेवण होते.

पाहुण्यांना आग्रह करायचा असेल तर वेळेचा करा. 'आणखी एक घ्या' याऐवजी 'आणखी थोडे बसा' म्हणा. मुलांना बक्षीस म्हणून चॉकलेट देण्याऐवजी त्यांच्याबरोबर पेरू कापून, तिखट-मीठ लावून खा. मुले उपदेश ऐकत नाहीत, पण तुम्ही काय आवडीने खाता ते बारकाईने पाहतात.

कोणाच्या घरी साखरेचा चहा समोर आला तर भाषण देऊ नका. दोन घोट घ्या, आभार माना. आपल्या शुद्ध आहाराचा अभिमान वाढला आणि समोरचा कमी वाटू लागला, तर साखर सोडून आपण काय मिळवले? अहंकाराची चव साखरेहून चिवट असते.

शेवटी एवढेच

गूळ घ्या, मध घ्या, खजूर घ्या. कृतज्ञतेने घ्या, थोडे घ्या, आणि हळूहळू त्यांचीही गरज कमी होऊ द्या. आज रात्रीच्या जेवणात पहिले तीन घास मौनात, डोळे मिटून, शेवटपर्यंत चावून पाहा. शेतात राबलेल्या हातांची, पावसाची, उन्हाची गोडी त्या घासात आधीपासून आहे. ती जिला ओळखता आली, ती जीभ कोणाची बांधील राहत नाही. आणि जी व्यक्ती चवीच्या ओढीतून थोडी जरी मोकळी झाली, तिची पाठ उद्या सकाळी ध्यानात आपोआप सरळ राहील.

तुमचे अन्न तुम्हाला पचो, तुमच्या घरातील सर्वांना आरोग्य लाभो, आणि तुमची वाणीही तितकीच मधुर होवो.